डास कुणाच्या हातात?

(तालुक्यातल्या गटांच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं. नाल्याला पाणी आल्यामुळे ज्या गावांच्या बायांना सभेला पोहोचता आलं नाही, त्यांनी मागितलं म्हणून इथे लिहून दिलं आहे.)



बचतीचा हिशेब झाला, कर्जफेडीचं वाचन झालं. आता शेवटचा विषय. कागदावर नुसतं "पत्ते" असं लिहिलंय, त्यामुळे सकाळपासून चार-पाच जणींनी मला विचारलं, "ताई, तेंदूपत्त्याचा हंगाम तर मे महिन्यात, आत्ता पत्त्याचं काय काढलं?" तर आजचा पत्ता पुड्यात बांधायचा नाही. खेळायचे पत्ते, त्याबद्दल बोलायचंय.

बघा, लगेच काही चेहरे बदलले. मला माहीत होतं. आपल्याकडे पत्ते म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पारावरची किंवा आंब्याच्या झाडाखालची बैठक, मधे टाकलेल्या नोटा, तोंडात खर्रा, आणि संध्याकाळी रिकाम्या खिशाने घरी येणारा माणूस. तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडली की आठवडाभर या बैठका कशा भरतात, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही आणि मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाऊन दोन महिने राबलेल्या बाईचा पैसा एका रात्रीत गेलेला आपण पाहिलाय. गटातून "बियाण्यासाठी" म्हणून उचललेलं कर्ज कुठे गेलं, हेही कधीकधी सगळ्यांना कळतं, फक्त कुणी बोलत नाही. हप्ता मात्र बाईच्याच नावावर राहतो.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. पैसा लावून खेळणं हा जुगार आहे. त्याच्यासाठी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे, तो १८८७ सालचा, म्हणजे आपल्या पणजीच्याही आधीचा. मोबाईलवरची रमी आणि तसले पैशांचे खेळ, ज्यात पोरं रात्रभर बोटं घासत बसतात, त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. गावात अड्डा चालत असेल तर तो विषय ग्रामसभेत घ्यायचा, ठराव करायचा, पोलिसांकडे लेखी द्यायचा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, त्यातही बायांनी, मागून मागून मिळवली. मागायचं कसं, ते आपल्याला येतं.

पण अड्ड्याचा राग आपण सगळा त्या कागदाच्या तुकड्यांवर काढला, आणि त्यात एक चांगली गोष्ट घरातून गेली. ती परत आणायची का, एवढंच आज विचारायचंय.

हात रिकामा होईल तो जिंकला

पत्त्यांचे डाव दोन जातीचे असतात. एका जातीत गोळा करायचं असतं, जास्त हात, जास्त गुण. दुसऱ्या जातीत हातातले पत्ते संपवायचे असतात. ज्याचा हात आधी रिकामा, तो सुटला. ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरले, तो अडकला. आपल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायचे बरेच डाव या दुसऱ्या जातीचे. बदाम सात, झब्बू, गुलामचोर. यांत पैसे लावायची सोयच फारशी नाही. आजी, सून, सातवीतली मुलगी आणि पाच वर्षांचं लेकरू एकत्र बसून खेळू शकतात, आणि पुष्कळदा लेकरूच जिंकतं.

झब्बू आपल्याकडेच आहे असं समजू नका. केरळात जवळजवळ हाच डाव खेळतात, त्याला म्हणतात "कळुता", म्हणजे गाढव. शेवटी ज्याच्या हातात पत्ते राहिले तो गाढव. गुलामचोरासारखाच डाव फिलिपिन्स देशात आहे, तिथे शेवटचा बिनजोडीचा पत्ता ज्याच्याकडे राहतो त्याला माकड म्हणतात. इटलीत त्याच प्रकारच्या डावात हरणारा गाढव ठरतो. म्हणजे हरणाऱ्याला जनावराचं नाव देऊन हसायचं, ही खोड सगळ्या जगाची.

आणि जनावरांचे पत्ते तर आपल्याच राज्यात जुने आहेत. कोकणात सावंतवाडीला गंजिफा बनवतात. गंजिफाचे पत्ते गोल असतात, बांगडीच्या आत मावतील एवढे, हाताने रंगवलेले. त्यातल्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे १२ पत्ते, मिळून १२० पत्ते. पहिले चार गट कोणते? मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. म्हणजे मासा, कासव, रानडुक्कर आणि सिंह. हा खेळ बादशहांच्या दरबारात होता, बाबराने १५२७ साली सिंधच्या सरदाराला गंजिफाचा संच भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. आणि सावंतवाडीला तो कसा पोहोचला, तर असं सांगतात की धर्मचर्चेसाठी आलेल्या तेलंगणातल्या विद्वानांबरोबर. तेलंगणा म्हणजे काय, गोदावरीच्या पलीकडचा आपला शेजारी. इथून हाकेच्या अंतरावरून तो खेळ थेट समुद्रापर्यंत गेला.

पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा बनवणारे हात कमी होत गेले. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः रंगवायला शिकल्या. आज ते पत्ते पाहायला, विकत घ्यायला लोक येतात. पण घेऊन काय करतात? काचेच्या चौकटीत लावतात. खेळणारे फार थोडे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण शेवटी विक्रीचा प्रश्न येणार आहे. वस्तू वाचली आणि खेळ मागे पडला, असं आपलं होऊ नये.

आपल्या रानाचे पत्ते

आता आपले पत्ते कसे करायचे ते सांगते. आपल्याला ३२ पत्ते अधिक एक, असे ३३ हवेत. चार घरं करायची, प्रत्येक घरात आठ जनावरं, लहानापासून मोठ्यापर्यंत. पत्त्यावर चित्र आणि कोपऱ्यात तेवढे ठिपके.

पाण्याचं घर: झिंगा १, खेकडा २, बेडूक ३, मासा ४, बगळा ५, कासव ६, पाणमांजर ७, मगर ८.

झाडाचं घर: मुंगी १, मधमाशी २, चिमणी ३, खार ४, पोपट ५, हरियाल ६, शेकरू ७, वानर ८. हरियाल आपल्या राज्याचा पक्षी आहे आणि शेकरू राज्याचा प्राणी. दोघंही आपल्या रानातले.

रानाचं घर: ससा १, कोल्हा २, साळिंदर ३, चितळ ४, रानडुक्कर ५, अस्वल ६, वाघ ७, रानम्हैस ८.

अंगणाचं घर: पिल्लू १, कोंबडी २, मांजर ३, कुत्रा ४, शेळी ५, डुक्कर ६, गाय ७, म्हैस ८.

कुणीतरी विचारेल, वाघ सात आणि रानम्हैस आठ कशी? आपण वजनाने क्रम लावलाय. रानम्हैस वाघाच्या कितीतरी पट जड. आणि ती आपल्या जिल्ह्याची शान आहे. महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती इथेच, कोलामार्काच्या जंगलात. तिला वर बसवायला काय हरकत आहे?

तेहतिसावा पत्ता कोणता? हरवणारा पत्ता. जो शेवटी हातात राहिला तर हरलो, असा. तिथे मात्र थोडा विचार करायचा. माकड ठेवावं तर कुणाला हनुमान आठवतो. घुबड ठेवलं तर आजी म्हणेल, घरात नको. कासव, नाग, असं काही ठेवलं तर आपल्या गोंड-माडिया बहिणींपैकी कुणाच्या तरी कुळाचं ते चिन्ह निघेल, ज्याला त्या हातही लावत नाहीत. दुसऱ्याच्या पूज्य जनावराला आपण हरलेल्याच्या हातात द्यायचं, हे बरं नाही. म्हणून वरच्या यादीतलंही एखादं चित्र तुमच्या गावात चालत नसेल, तर विचारून बदला.

हरवायला मी डास ठेवलाय. डास कुणाचं कुळचिन्ह नाही. डास सगळ्यांनाच घरातून जायला हवाय. आणि राज्यात हिवतापाचा सगळ्यात मोठा भार आपला जिल्हा सोसतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

पत्ते बनवायला पैसे फार लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिका, खोक्यांचा पुठ्ठा, कॅलेंडरचा कागद. सगळे तुकडे एकाच मापाचे कापायचे, साधारण तीन बोटं रुंद आणि चार-पाच बोटं लांब. चिकटवायला भाताची खळ किंवा चिंचोक्याची खळ. एक गोष्ट नीट सांभाळा: मागची बाजू सगळ्यांची सारखी हवी, एकाच रंगाचा कागद लावा. नाहीतर मागचा डाग पाहून लेकरं ओळखतात की डास कुठे आहे. चित्रं मुलांकडून काढून घ्या. वाघ मांजरासारखा दिसला तरी चालेल, ठिपके मोजले की कळतं.

आणि प्रत्येक चित्राखाली नाव घालताना आपल्या घरातली सगळी नावं घाला. वाघ, पुली. मासा, चेपा. कासव, ताबेलू. ससा, कुंदेलू. अस्वल, एलुगुबंटी. माडिया-गोंडी नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती त्यांनाच नीट येतात, आणि विचारणारं कुणी नसलं तर ती त्यांच्याबरोबर जातील. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेलं पोर आजीशी बोलायला लाजतं, कारण शाळेची भाषा एक आणि चुलीजवळची दुसरी. पत्ता टाकताना तिन्ही भाषांतलं नाव घेतलं तरी चालतं, असा नियमच करून टाका.

तीन डाव

पहिला डाव जोडीचा, सगळ्यात लहान लेकरांसाठी. हा आपला गुलामचोर. तीन ते सहा जण बसा. ३३ पत्ते वाटून टाका. कुणाला एखादा कमी-जास्त आला तरी हरकत नाही. सारख्या ठिपक्यांचे दोन पत्ते हातात असले की जोडी खाली टाकायची. चार ठिपक्यांचा मासा आणि चार ठिपक्यांचा कुत्रा, झाली जोडी. मग पाळीपाळीने शेजारणीच्या हातातला एक पत्ता न पाहता ओढायचा. जोडी जमली तर टाका. हात रिकामा झाला की सुटलात. शेवटी सगळ्यांच्या जोड्या लागतात, डासाची लागत नाही. तो ज्याच्या हातात उरला, त्याच्याकडे त्या रात्रीचं काम: सगळ्यांच्या मच्छरदाण्या लावायच्या आणि कडा गादीखाली, चटईखाली नीट खोचायच्या. हिवतापाचा डास रात्रीच चावतो. खेळ संपतो तोवर झोपायची वेळ झालेलीच असते.

अगदी लहान मुलं असतील तर सहा, सात, आठ ठिपक्यांचे पत्ते बाजूला काढा. वीस पत्ते आणि डास, तेवढ्यातही खेळ होतो.

दुसरा डाव साखळीचा, म्हणजे बदाम सात. डास बाजूला ठेवा. ज्याच्याकडे चितळ, म्हणजे रानाचा चार, त्याने तो मधे ठेवायचा. पुढच्याने त्याच्या एका बाजूला साळिंदर किंवा दुसऱ्या बाजूला रानडुक्कर लावायचं, नाहीतर दुसऱ्या घराचा चार काढून नवीन ओळ सुरू करायची. लावण्यासारखं काही नसेल तरच "पास". लावता येत असून दडवून ठेवायचं नाही. प्रत्येक घराची ओळ एकीकडे एकपर्यंत आणि दुसरीकडे आठपर्यंत जाते. पहिल्यांदा ज्याचा हात रिकामा, तो जिंकला. या डावात एक गंमत आहे. तुमच्याकडे कुत्रा असेल आणि तुम्ही तो उशिरा काढला, तर अंगणाचं सगळं घर अडून बसतं. कुणाला कधी अडवायचं आणि कधी मोकळं सोडायचं, हे मुलं दोन संध्याकाळीत शिकतात.

तिसरा डाव झब्बू. हा मोठ्यांनाही पुरून उरतो. डास बाजूलाच. ज्याच्याकडे रानम्हैस, त्याने ती टाकून सुरुवात करायची. बाकीच्यांनी रानाचाच पत्ता टाकायचा. पहिल्या फेरीत कुणाकडे रानाचा नसला तर त्याने कुठलाही टाकावा, शिक्षा नाही. ती फेरी बाजूला ठेवायची, आणि रानम्हैसवालाच पुढचा पत्ता टाकतो.

दुसऱ्या फेरीपासून खरी मजा. समजा सुमनने चितळ टाकलं. शेजारच्या लक्ष्मीने रानडुक्कर टाकलं. तिसऱ्या बसलेल्या सासूबाईंकडे रानाचा पत्ताच नाही, त्यांनी अंगणाची म्हैस टाकली. हा झाला झब्बू! फेरी तिथेच थांबते, आणि चालू घराचा सगळ्यात मोठा पत्ता ज्याचा, म्हणजे रानडुक्करवाल्या लक्ष्मीने, ते तिन्ही पत्ते उचलून हातात घ्यायचे. पुढची सुरुवात तिचीच. सगळ्यांनी त्याच घराचे पत्ते टाकले तर मात्र ते बाजूला जातात आणि ज्याचा पत्ता मोठा तो पुढचा टाकतो. त्याचा हात त्याच पत्त्याने संपला असेल तर त्याच्या पुढच्याने टाकावा. हात रिकामा झाला तो सुटला. शेवटी उरला तो अडकला, आणि त्याच्या हातात डास द्यायचा. मच्छरदाणीचं काम तोच करेल.

या डावात मोठा पत्ता जवळ बाळगणं धोक्याचं. वाघ हातात आहे म्हणून ज्याला आनंद झाला, त्याच्याच गळ्यात सगळा ढीग येतो. मोठे पत्ते सुरुवातीलाच, सगळ्यांकडे ते घर असताना, काढून टाकावे लागतात. कोणत्या घराचे किती पत्ते गेले, हे डोक्यात मोजत राहावं लागतं. पुड्याची ७० पानं बोलता बोलता मोजणाऱ्या तुम्ही बाया. तुम्हाला हे अवघड नाही.

अडचणी, ज्या तुम्ही विचारणारच

"ताई, वेळ कुठे आहे?" खरं आहे. पाणी, सरपण, शेत, स्वयंपाक, गटाची वही. म्हणून मी रोज खेळा असं म्हणत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, जेवणं झाल्यावर, अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही बसायचं, वाढायला उठायचं नाही. भांडी कोण घासणार हेही पत्त्यांवर ठरवता येतं, पण एक अट, घरातले पुरुष आणि मुलगेही डावात हवेत. नाहीतर हरणारी नेहमी बाईच निघेल.

"मुलांना पत्त्यांची सवय लागली तर? उद्या अड्ड्यावर जाऊन बसतील." ही भीती खोटी नाही, तिला मी उडवून लावणार नाही. म्हणून घरातल्या डावाचे तीन नियम आधी सांगून ठेवा. पैसा लावायचा नाही, एक रुपयाही नाही. खर्रा, गुटखा, दारू, असलं काही पैजेला नाही आणि खेळताना तोंडातही नाही. आणि हरलेल्याला शिवी नाही, बोचेल असं नाव नाही. जे लेकरू अडखळत बोलतं, जे उशिरा मोजायला शिकतं, त्याला गाढव म्हणून चिडवलं तर ते पुन्हा बसणार नाही. हरलेल्याचं काम ठरलेलं आहे, तेवढं करून तो मोकळा. हरून हसत उठायला ज्याला घरात शिकवलं, त्याला "अजून एक डाव, गेलेलं परत मिळवतो" ही अड्ड्यावरची भाषा निदान ओळखू तरी येईल.

"नवऱ्याला अड्ड्याची सवय आहे, त्याला हे बसवून सुटेल का?" नाही सुटणार. असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सवय लागलेल्या माणसाला आपल्या मच्छरदाणीच्या डावात रस वाटणार नाही. तिथे गटाने एकत्र बोलणं, त्याच्या हातात बाईचा पैसा न जाऊ देणं, कर्जाचं कारण सभेत खरं सांगणं आणि ग्रामसभेचा ठराव, हेच मार्ग. ज्या बहिणीच्या घरात हे चालू आहे, तिने ते एकटीने झाकून ठेवू नये. गटात सांगणं म्हणजे घराची इज्जत घालवणं नव्हे. हप्ता थकल्यावर सगळ्यांनाच कळतं, त्याआधी कळलं तर काही करता येतं.

"हे पत्ते विकता येतील का?" हा प्रश्न येणारच, आपण बचतगटाच्या बाया. येतीलही कदाचित. अंगणवाडीत उपयोग होईल, प्रदर्शनात ठेवता येतील. पण आधी महिनाभर घरात खेळून बघा. कुठला पत्ता लवकर फाटतो, कुठलं चित्र मुलांना ओळखू येत नाही, कुठला नियम भांडण लावतो, हे खेळल्याशिवाय कळत नाही. जी वस्तू आपल्या घरात कुणी हातात घेत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

आणि शेवटचं, डासाचं. पत्त्यातला डास हसण्यासाठी आहे. खरा डास हसण्यासारखा नाही. खेळ संपला की मच्छरदाणी खोचली का बघा. सकाळी घराभोवतीचं साचलेलं पाणी ओतून टाका. कुणालाही थंडी वाजून ताप आला तर आशाताईकडे त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, उद्यावर टाकू नका.

तर पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने एक संच करून आणायचा. ३३ पत्ते, मागची बाजू सारखी, नावं तीन भाषांत. कर्जफेडीचा हिशेब आटोपला की अर्धा तास आपण इथेच खेळू. ज्या गटाच्या हातात डास राहील, त्या गटाने त्या दिवशीचा चहा करायचा. साखर आणि चहापत्ती संघाची.